भरड सातू

"हाताला बघा आक्का. पावडर हाय पावडर."

यंत्रं करून विकणाऱ्या प्रभुलिंगनं दळणाच्या यंत्राखालच्या पिशवीतलं मूठभर पीठ काढून झुंबरबाईंच्या तळहातावर ठेवलं. झुंबरबाईंनी ते अंगठ्यानं चोळलं. हाताच्या रेषांत जाऊन बसलं, इतकं बारीक. उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमधले दोन कामगार हातातलं काम टाकून बघत राहिले. असल्या पिठाला नाव ठेवणारी बाई कोल्हापुरात अजून जन्माला यायची होती.

झुंबरबाईंची सून अनुजा मात्र पिठाकडं एकदा बघून कोपऱ्यातल्या दुसऱ्या यंत्रापाशी गेली. बुटकं यंत्र. दोन पोलादी रूळ, एकमेकांना लागून. ते म्हशींसाठी मका भरडायचं हाय, प्रभुलिंगनं तिथूनच सांगितलं. कुरुंदवाडच्या एका गोठेवाल्यानं करायला टाकलं आणि न्यायला आला नाही. हॉटेलवाल्यांनी जनावराचं यंत्र नेलं तर लोक काय म्हणतील, असंही तो म्हणाला. अनुजाला नाही, झुंबरबाईंना.

हॉटेल म्हणजे गारगोटी रस्त्यावरची त्यांची मटणाची खानावळ. तिच्या मागच्या खोलीत अनुजानं रीतसर परवाना काढून बिअर करायला घेतली होती. पहिला घाणा बसला. गरम पाण्यात कालवलेल्या सातूची खळ झाली, टाकीच्या नळातून थेंब उतरेना. सगळं फावड्यानं काढून उकिरड्यावर टाकावं लागलं. दुसराही बसला तर टाक्या विकून तिथं एसी खोली काढायची, असं तिच्या नवऱ्यानं, विजयसिंहनं, गिऱ्हाइकांसमोर जाहीर करून टाकलं होतं. दुसरा घाणा रविवारी होता.

अनुजानं पिशवीतून मोड आणून वाळवलेला सातू काढला आणि रुळांतून घालून दाखवायला सांगितलं. प्रभुलिंगनं झुंबरबाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठं त्यानं बटण दाबलं.

खाली पडलेला सातू बघून एक कामगार हसला. दाणा नुसता फुटलेला आणि टरफल अख्खंच्या अख्खं. ह्याची भाकरी कशी थापायची, त्यानं विचारलं.

"भाकरी थापायची नाही," अनुजा म्हणाली. "टरफल अख्खं राहिलं तर त्याचीच गाळणी होते. पीठ केलं की सगळं बसतं."

पोरीबाळींचं ऐकावं तसं प्रभुलिंगनं ऐकून घेतलं. मग झुंबरबाईंना समजावलं, की जितकं बारीक तितका कस उतरतो, हे तर अडाण्यालाही कळतं. तरी साहेबांना एकदा विचारून घेऊ. त्यानं विजयसिंहला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा समोर धरला.

"बारीकच द्या," फोनमधून विजयसिंह म्हणाला. "आनि आमच्या बायकोचं ऐकू नका. पहिला घाणा तिनंच घालवलाय."

कामगारांनी अनुजाकडं बघितलं. ती रुळांत अडकलेला दाणा नखानं काढत होती. दाणा निघाला तरी तिची मान वर आली नाही. पहिला घाणा बसल्यापासून बारा दिवस ती या गोष्टीवर बोलली नव्हती.

झुंबरबाईंनी तळहातावरचं पीठ पदराला पुसलं आणि प्रभुलिंगच्या हातातून फोन घेतला.

"विजू, त्यो सातू गिरणीत मी नेलता."

फोन त्यांनी तोंडाजवळ आणला.

"ही सांगत हुती, भरड काढा म्हणून. मी म्हटलं, आमच्यात भरड म्हशी खात्यात. बारीक दळून आणला. परत वाटलं, अजून बारीक पायजे. गिरणीवाला नगो नगो म्हणत असताना दुसऱ्यांदा घातला."

"मग इतकं दिवस बोलली का न्हाईस?"

"हिनं माझं नाव घेतलं न्हाय. मला बी ते बरं पडलं." झुंबरबाईंचा आवाज जराही खाली आला नाही. "आता ऐकलंस न्हवं? चार माणसांत हिला बोलला हुतास. आता चार माणसांत माझं नाव घे. ठेव."

फोन परत घेताना प्रभुलिंग काहीतरी बोलायचं म्हणून बोलला, की होतं असं आक्का, वयोमानानं. वयाचं काढू नका, झुंबरबाई म्हणाल्या, बारीक दळायची खोड त्यांना पंधराव्या वर्षापासनं होती. त्याच्या पिठालाही त्यांनी नाव ठेवलं नाही. पुरणपोळीचा गहू दळायला त्याच्याकडंच आणीन म्हणाल्या.

"मग टेंपोत कुठलं चढवायचं?"

"मला काय इचारताय? मला भाकरी कळती. रुळांची फट किती ठिवायची, ते हिला इचारा." एवढं बोलून त्या बाहेर गेल्या, आणि टेंपोवाल्याला गाडी उलटी लावल्याबद्दल झाडायला लागल्या.

प्रभुलिंग पाना घेऊन यंत्रापाशी उकिडवा बसला. एक मूठ सातू पुन्हा रुळांतून गेला. सवयीनं त्यानं तो ओंजळीत घेऊन दाराकडं धरला. दारात कोणी नव्हतं. मग त्यानं ओंजळ अनुजापुढं केली.

अनुजानं फुंकर मारली. टरफलाचे एकदोन तुकडे उडाले. एक दाणा तिनं दाताखाली धरला, चावला.

"अजून जरा सैल," ती म्हणाली.

प्रभुलिंगनं पाना फिरवला आणि वर बघितलं.

"इतकं?"

"अजून."