सोवळ्याचं बटण

मंदाकिनीबाईंच्या सुनेच्या, इराच्या दंडातली चिप तपासून डॉक्टर लेले चक्रावल्या. “हिची पाळी सारखी पुढे कोण ढकलतंय?”

“मीच की,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. सुनेनं माप ओलांडलं, की तिच्या चिपचा ताबा सासूच्या मोबाइलवर यायचा, ही रीतच होती. “एक व्रत संपत नाही तोच दुसरं येतं. सोवळं नको का सांभाळायला?”

“अहो, दर वेळी चिप कृत्रिम हार्मोन सोडते. शरीराला वाटतं, दिवस गेलेत. मग बीज बाहेर पडतच नाही. हिला मूल होणार कसं?”

मंदाकिनीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. “पण ती सगळी व्रतं इराला मूल व्हावं म्हणूनच तर केली मी!”

तेवढ्यात मोबाइल वाजला. ‘उद्या संकष्टी. पाळी पुढे ढकलायची?’

सवयीनं त्यांचा अंगठा ‘हो’कडे गेला, आणि इरानं त्यांचं मनगट घट्ट धरलं.