धाकटीचा थकवा

“परत बसलीस?” इस्त्री उभी करून थोरलीनं विचारलं.

“हातापायांत त्राणच नाही गं, ताई,” म्हणत धाकटी कपड्यांच्या गठ्ठ्यावर टेकली.

लॉन्ड्री दोघी बहिणींची. धाकटी कपडे धुवायची आणि गिऱ्हाइकं सांभाळायची, थोरली इस्त्री करायची. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. थोरलीनंच तिला वाढवलं. आता धाकटीच्याही केसांत रुपेरी छटा आली होती, पण थोरली अजून तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची.

“थंडी वाजतेय,” एका दुपारी धाकटी म्हणाली.

“इस्त्रीजवळ ये. मी बघ, इथं उभी राहूनही स्वेटर घालते. वाफेतून बाहेर आलं की गारठा लागतोच.”

धाकटी इस्त्रीजवळ सरकली. थोरलीनं तिला दूध गरम करून दिलं, स्वतःला मात्र घेतलं नाही. हल्ली तिची भूक मेली होती, तरी कपडे घट्ट व्हायला लागले होते. हल्लीचं कापडच आटतं, असं तिचं म्हणणं. लॉन्ड्रीवालीच्या तोंडी ते शोभूनही दिसायचं.

मग धाकटी केस गळतात म्हणून कुरकुरायला लागली. पोटही साफ होत नाही म्हणायची. एका बाईंना दुसऱ्याच कुणाच्या चादरी दिल्या आणि “डोकंच चालत नाही माझं,” म्हणून ती डोळ्यांत पाणी आणून बसली. थोरलीनं पदरानं तिचे डोळे पुसले.

त्याच आठवड्यात इस्त्री एका कोटावर तशीच राहिली. धूर निघाला तेव्हा धाकटीनं धावत येऊन वायर ओढली.

“ताई, झोपली होतीस?”

“डोळे मिटले होते फक्त. तुझ्या काळजीनं रात्रभर झोप कुठे येते?” थोरली घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“घोरत होतीस की रात्रभर!”

“काळजीनंच घोरत होते.”

दोघीही हसल्या. मग धाकटी थोरलीच्या जवळ आली. “मला डॉक्टरांकडे नेतेस? मला भीती वाटतेय.”

थोरलीला दवाखान्याचा वासही सहन व्हायचा नाही. तिनं त्याच क्षणी दुकानाचं शटर ओढलं.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीचं सगळं ऐकून घेतलं. प्रत्येक तक्रारीला थोरली मान डोलावत होती.

“थायरॉइड मंदावला की असं होऊ शकतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण नुसत्या लक्षणांवरून सांगता येत नाही, रक्त तपासायला हवं. घरात कुणाला होता?”

“आईचा गळा सुजलेला असायचा,” थोरलीला आठवलं.

“मग दोघींचंही तपासू. बहिणींत आढळतो हा.”

“माझं कशाला? मी ठणठणीत आहे. हिचंच दोनदा घ्या हवं तर!”

धाकटीनं तिचा पदर धरला. “तू आधी दे ना, ताई. मला सुईची भीती वाटते.”

थोरलीनं बाही वर सारली.

रिपोर्ट घ्यायला गेल्या तेव्हा थोरलीनं धाकटीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

“थायरॉइड कमीच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घाबरू नका. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. काही आठवड्यांनी परत रक्त तपासून मात्रा ठरवू. हळूहळू बरं वाटेल.”

“ऐकलंस ना?” थोरलीनं धाकटीला दटावलं. “एक दिवस चुकवलीस तर बघ. मीच उठवून देईन.”

“गोळी तुम्हाला आहे, ताई.”

थोरलीनं धाकटीकडे बोट केलं. “आणि हिला?”

“यांना काहीही झालेलं नाही. मागच्या महिन्यात तुमचा थकवा, तुमची थंडी, सगळं सांगायला आल्या होत्या. बहिणीला घेऊन या म्हटलं, तर म्हणाल्या, ‘स्वतःसाठी ती मेली तरी यायची नाही, मीच आजारी पडते.’”