झोपू दे तिला

"आजारपणात ही उपाशी झोपली, तर हलवून उठवायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रडली तरी चालेल. गोड काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. उलटीच होत असेल तर थेट इथे आणा, सलाइनमधून साखर देऊ."

धाकटी रंगाऱ्याच्या मांडीवर बसून त्याच्या नखांतला निळा रंग खरवडत होती. आपल्याला काही झालंय याचा तिला पत्ताच नव्हता.

"पण असं होतं कशानं?" रंगाऱ्याच्या बायकोने विचारलं.

"पोट रिकामं राहिलं की अंगातली साखर संपत येते. मग लिव्हर चरबीपासून दुसरं इंधन बनवतं, कीटोन म्हणतात त्याला. मेंदू त्यावर तग धरतो. हिच्या लिव्हरला ते जमत नाही. चरबी तिथेच साचत जाते, साखर घसरत जाते आणि पोर गाढ झोपल्यासारखी दिसते. ती झोप नसते."

थोरलीही अशीच झोपली होती. तापाने फणफणलेली, घोटभर पाणीही ओकून टाकणारी पोर एकदाची शांत झाली म्हणून घराला हायसं वाटलं होतं. बायको तेव्हा शिवणाच्या कारखान्यात होती. तिने तिथून फोन केला होता, "झोपलीय ना? मग झोपू द्या तिला. उठवलंत तर बघा." बिचारीने मायेनेच सांगितलं होतं. थोरली पुन्हा उठली नाही. ताप डोक्यात गेला, असं सगळे म्हणाले आणि बायकोनेही तेच घट्ट धरून ठेवलं.

आता तिचा चेहरा पांढराफटक पडला. "थोरलीला उठवलं असतं तर..."

"मी उठवलं होतं," रंगारी मध्येच म्हणाला. "तुझा फोन येऊन गेल्यावर. कपभर दूध पाजलं होतं, साखर घालून. तू रागावशील म्हणून बोललो नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत ती अशी मोकळी रडली नव्हती.

"मग तुमच्या हातात काहीच नव्हतं, ताई," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि धाकटीचं वजन करून आणायला त्यांनी तिला बाहेर पाठवलं.

दार लागलं. या खोलीत असे बरेच बाप बसून गेले होते.

"दूध पाजलं नव्हतं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

रंगाऱ्याने नाही अशी मान हलवली. "कप घेऊन तिला उठवायलाच चाललो होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात हिचा फोन आला."