डेस्कटॉपच घे

घरून काम करायला कॉम्प्युटर निवड, असं कंपनीने कळवलं, तेव्हा ऋतिकाच्या मनात लॅपटॉपच होता. पण ललित, तिचा नवरा, तिच्यासारखाच सॉफ्टवेअरमधला. “वेडी आहेस का? तू आठ-दहा जड प्रोग्रॅम एकदम चालवणार. लॅपटॉप तव्यासारखा तापेल. डेस्कटॉपच घे, तेवढ्याच बजेटात दुप्पट रॅम बसते.” म्हणणं खोटं नव्हतं. तिने डेस्कटॉप घेतला आणि काम खरंच झरझर होऊ लागलं.

सातव्या महिन्यात पारोळ्याहून भाऊ गाडी घेऊन आला, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून. ऋतिका कॉम्प्युटरच्या वायरी सोडवायला बसली. सासूबाई हसल्या, “बायंतपनाले काम्पुटर नेतं का वं कोनी?”

“सुट्टीला अजून अवकाश आहे, आई. तिथून काम केलं नाही तर नोकरी जाईल माझी.”

“एवढं लटांबर गाडीत कुठं मावणार?” म्हणत ललितने तिच्या हातातली वायर घेतली आणि परत जागेवर खोचली. मग आईकडे वळून हळूच म्हणाला, “बघ, लॅपटॉप घेऊ दिला असता तर आज ऐकली असती का ही?”