कापलेली हाक

"निर्मला," मोबाइल म्हणाला.

आवाज अप्पांचाच. खर्जातला, जरा घोगरा. ओठ मात्र मिटलेले, बोट स्क्रीनवर टेकलेलं आणि गळ्यातल्या भोकावर पांढरी जाळी. रक्षितानं स्वयंपाकघराकडं बघितलं. आत आईच्या भांड्यांचा आवाज चालूच होता. अप्पांनी परत बटण दाबलं. "निर्मला." परत कोणी आलं नाही.

अप्पांचा आवाज म्हणजे काय चीज होती, ते मार्केट यार्डात जाऊन विचारावं. गुळाच्या सौद्यात ते बोली पुकारायला लागले की पलीकडच्या वखारीतली माणसं हातातलं पोतं खाली ठेवून ऐकत राहायची. नेमका तोच गळा कॅन्सरनं धरला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागणार. जीव राहील, आवाज जाईल.

लेक रक्षिता विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकवायची. माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, संगणकावर त्याची रेघ काढायची, सूर कुठं चढला, कुठं उतरला ते तपासायचं, हे तिचं रोजचं काम. बातमी ऐकून ती ढसाढसा रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "आवाज मी जाऊ देत न्हाय." ऑपरेशनच्या आधी तिनं अप्पांना प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत माइकसमोर बसवलं. पाणी. दुखतंय. नको. लाइट घालव. मोबाइलवर एकेक बटण दाबलं की अप्पांच्या आवाजात एकेक शब्द यायचा होता. आई दाराबाहेर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती.

"आता आईचं नाव घ्या."

एवढा ढाण्या माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. "बायकोचं नाव? आणि माइकमधी? यार्डात कळलं तर हसून मरतील की गं लोकं."

"मग तिला हाक कशी मारणार, अप्पा?"

अप्पांनी माइक जरा लांब सारला. मग मान खाली घालून, रेशनच्या रांगेत पुकारल्यासारखं म्हणाले, "निर्मला."

एक कटकट तेवढी होत होती. घसा कोरडा पडला की अप्पा मध्येच दार ढकलून ओरडायचे, "रक्षेऽऽ!" रक्षिता वैतागायची. "अप्पा, मी समोरच हाय की! कशाला वरडताय? रेकॉर्डिंग खराब होतंय." तोवर आई पाणी घेऊन आत आलेली असायची.

नंतर तिनं सगळं साफ केलं. खोकला कापला, खाकरणं कापलं, खुर्चीची करकर कापली, आणि प्रत्येक "रक्षेऽऽ" कापलं. शब्द तेवढे ठेवून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचं, ही प्रयोगशाळेची रीतच होती. तिनं तेही पुसलं.

आता मोबाइल तिसऱ्यांदा म्हणाला, "निर्मला." रक्षिता उठून आत गेली. आई ओट्याला टेकून उभी होती, पदर तोंडाशी.

"आई, अप्पा बोलवतायत."

"ऐकलं की."

"मग?"

"कुणाला बोलवत्यात?" आईचा आवाज फाटला. "असलं परक्यागत कधी बोलवलंय व्हय मला? तू झालीस तवापासनं तुझंच नाव घेऊन मला हाक मारत्यात. 'रक्षे' म्हटलं की मी उठायचो. तू शाळंत असलीस तरी उठायचो. ती हाक हाय न्हवं तुझ्या त्या कम्प्युटरात?"

रक्षिताला आता आठवलं. लहानपणी "रक्षे" ऐकून ती पुस्तक टाकून धावायची आणि अप्पा म्हणायचे, "तू न्हाय गं, बस अभ्यासाला." ती रुसून बसायची. नाव माझं आणि काम आईशी! मोठी झाली, शिकली आणि हे पार विसरून गेली. तिनं संगणक उघडला, सगळं उलटंपालटं केलं. कुठंच काही नव्हतं. बापाचा आवाज वाचवायला निघाली आणि त्यातली आईची हाक तिनं आपल्या हातानं कापली होती.

अप्पांनी मोबाइल उशीखाली सारला. नंतर त्यांनी त्याला हातच लावला नाही. तहान लागली की ते खाटेवर थाप मारायचे, आई खाली मान घालून पाणी ठेवायची आणि परत आत जायची.

दोन-चार दिवस गेले. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. अप्पा बराच वेळ आतल्या दाराकडं बघत बसले होते. मग त्यांनी तोंड उघडलं. जीभ वर गेली, ओठ फाकले, गळ्याच्या जाळीतून नुसता वारा फसफसला. बोलताना लोकांची तोंडं कशी हलतात हे निरखण्यात रक्षिताचा जन्म गेलेला. काय म्हणायचंय ते तिला लगेच कळलं.

तिला त्या हाकेची रेघ आठवली. पहिल्या अक्षराला धक्का, मग लांब ओढून शेवट वर नेलेला. कापताना ती इतक्यांदा डोळ्यांपुढनं गेली होती की पाठ झाली होती. रक्षितानं श्वास भरून घेतला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्याच नावानं हाक मारली.

"रक्षेऽऽ!"

आतली थापणी थांबली.

"आलो ओ!"

आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. लेकीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. सरळ अप्पांपुढं जाऊन उभी राहिली.

"काय पायजे?"