शब्द देणारी मुलगी

“तुझ्या आधी एक पोरगी येऊन गेलीय,” हुहाना म्हणाली. “तिच्याकडेही असाच रेकॉर्डर होता. हा खिशात मावतो, तो म्हणजे वीट होती वीट. फरक एवढाच.”

सिनालेईने बटण दाबलं नव्हतं. अजून संमतीचा कागद वाचून व्हायचा होता. ओटाहूहू उपनगरातल्या चर्चमागच्या हॉलमध्ये गुरुवारचं फुकट जेवण नुकतंच आटोपलं होतं. सॉसेज आणि कांद्याचा वास हवेत तसाच होता. पासष्टी ओलांडलेली हुहाना अंगातला कोट न काढता बसली होती. पायाशी दोन पिशव्या. तिचा संसार तेवढाच.

“तुम्ही सांगाल ते आमच्यापाशीच राहील, फाएआ.” मावशीला म्हणावं तशी सिनालेई तिला फाएआ म्हणत होती.

“हे वाक्य मला पाठ आहे, पोरी. तीही अस्संच म्हणाली होती.”

शेजारी टिपणं काढत बसलेल्या डूगलने मान वर केली. दोघंही समुदाय-मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. म्हातारपणी बेघर झालेल्या बायका आणि त्यांच्या मनावरचे जुने घाव, हा त्यांचा विषय. तो दिला होता त्यांच्या मार्गदर्शक करीन हॅस्लम यांनी. हॉलही त्यांनीच ठरवलेला. दर वर्षी त्या दोन विद्यार्थी इथेच पाठवत. स्वतः मात्र दाराच्या आत कधी पाऊल टाकत नसत.

“विषमतेवर तीन पुस्तकं लिहिली बाईंनी, पण इथला वास काही सोसत नाही,” डूगल सकाळी म्हणाला होता, आणि सिनालेई हसली होती.

हुहानाने कागदावर सही केली. मग न विचारताच बोलायला लागली.

“मी तेव्हा तुझ्याएवढी. नवऱ्याच्या माराला कंटाळून लेकरू घेऊन निघाले. गाडीत राहायचो, याच हॉलच्या मागे. ती विद्यापीठातली पोरगी यायची, लेकराला दूध आणायची. माझ्याशी इतकं गोड कोणी बोललं नव्हतं गं. मी सगळं सांगून टाकलं. कुठे झोपतो, काय खातो. चार आठवडे आली. पाचव्या आठवड्यात तिच्याऐवजी सरकारी माणसं आली.”

“लेकराला नेलं?” डूगलने विचारलं.

“नाहीतर काय मला जेवायला नेतील?” हुहाना हसली, आणि मग तिने तोंड पुसल्यासारखं केलं. “खूप कचेऱ्या झिजवल्या. एका साहेबानं सांगितलं, चांगल्या घरी दिलंय, आता त्रास देऊ नका. मग मी ऑस्ट्रेलियात गेले, कोंबड्या कापायच्या कारखान्यात. गेल्या थंडीत परत आले. म्हटलं, शोधत आलंच लेकरू, तर कुठे येईल? इथेच ना.”

सिनालेई पुढे झुकली. “त्या मुलीचं नाव आठवतं?”

“मी विसरायचं ठरवलं. पण सापडली तर तिला एवढंच विचार, कुठे नेलं म्हणावं. शिव्या नाही घालायच्या मला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनालेई विभागाच्या तळघरात गेली. जुन्या अभ्यासांच्या फाइली तिथे खोक्यांतून भरलेल्या होत्या. त्या हॉलमधल्या अभ्यासाचं खोकं सापडलं. आत काहीच नव्हतं. नोंदवहीत एक ओळ होती. फाईल नेली, परत आली नाही. सही, के. हॅस्लम.

तिने वही डूगलपुढे धरली. त्याचा चेहरा उतरला.

“म्हणून आत येत नाहीत,” तो पुटपुटला. “कोणीतरी ओळखेल म्हणून.”

“आणि आपल्याला शिकवतात, विश्वास हाच संशोधनाचा पाया!”

“सिना, गप्प बस. तुझा प्रबंध बाईंच्या हातात आहे. घरात पदवीपर्यंत पोचलेली तू पहिली आहेस. आईला काय सांगशील?”

“आईलाच विचारते ना. तिचं लेकरू असं उचलून नेलं असतं तर तिनं काय केलं असतं?”

करीन खोलीत एकट्याच होत्या. पांढरे केस मागे बांधलेले, पुढ्यात न प्यायलेला चहा. सिनालेईने वही टेबलावर आपटली.

“काल एक बाई भेटल्या. त्यांचं लेकरू इथल्याच एका मुलीनं सरकारच्या हवाली केलं. आधी शब्द देऊन. फाईल तुमच्याकडे आहे.”

करीन यांनी काही नाकारलं नाही. त्यांनी खण उघडला आणि एक पिवळी पडलेली फाईल बाहेर काढली. नावांच्या जागी काळ्या शाईच्या पट्ट्या ओढलेल्या होत्या.

“हॉलच्या मागे गाडी होती, म्हणाल्या?”

“हो.”

“आणि दूध आणणारी मुलगी?”

“तुम्हाला माहीतच आहे की सगळं!” सिनालेईचा आवाज चढला. “त्या तिथे दर गुरुवारी वाट बघत बसतात. शिव्यासुद्धा घालायच्या नाहीत म्हणतात. फक्त कुठे नेलं, एवढं विचार म्हणतात. हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा. नाहीतर मी सांगते, तुमचं नाव घेऊन. माझ्या प्रबंधाचं काय व्हायचं ते होऊ दे.”

करीन उठायला गेल्या आणि पुन्हा खाली बसल्या. कपाला हात लागून चहा सांडला, फायलीखाली गेला. त्यांनी तो पुसला नाही.

“ती मुलगी मी नव्हे,” त्या म्हणाल्या. “त्या वर्षी मी तीन वर्षांची होते, सिनालेई. दर वर्षी तुम्हालाच पाठवत राहिले, स्वतः आत जायचा धीर झाला नाही. दिसते कशी गं माझी आई?”