पेनचं टोपण

दर वर्षी हयातीचा दाखला द्यायला बाबा कारखान्याच्या ऑफिसात माझ्याच खिडकीवर येतात. सकाळी आम्ही एकाच टेबलावर चहा घेतलेला असतो, पण नियम म्हणजे नियम. मी नाव विचारते, ते सांगतात, सही करतात आणि मी ‘हयात’ असा शिक्का मारते.

आज त्यांच्या मागे रांगेत उभे असलेले काका माझ्या डोक्यावर भिंतीला लावलेल्या फोटोकडे बघत म्हणाले, “भाऊ, तुम्ही त्या दिवशी सही केलीत, म्हणून आज आम्ही सुखाने दोन घास खातोय.”

फोटो चोवीस वर्षांपूर्वीचा आहे. बाबा तेव्हा युनियनचे सेक्रेटरी होते. मालकांच्या केबिनमध्ये ते करारावर सही करताहेत: जुन्या कामगारांच्या पेन्शनला हात लागणार नाही, यापुढे कामाला लागणाऱ्यांना पेन्शन मिळणार नाही.

“आता पोरीलाही मिळेल की,” काका माझ्याकडे बघून म्हणाले.

“नाही काका. मी आठ वर्षांपूर्वी लागले. नव्यांतली.”

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“तेव्हा नव्यांसाठी भांडायचं तरी कसं?” ते म्हणाले. “त्या केबिनमध्ये नवं असं कोणी नव्हतंच.”

मी शिक्का मारला आणि त्यांचा कागद फाइलला लावला.



फोटोत बाबांच्या खुर्चीला टेकून, त्यांच्या पेनचं टोपण दोन्ही हातांनी सांभाळत, सात वर्षांची मी उभी आहे.